परसातली माडी

मराठीच्या निवृत्त अध्यापकाने संगणकावरील खेळाविषयी दिवाळी अंकात लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल, काहींना वाईट वाटेल. दोघांचीही मला कल्पना आहे, कारण १९९७ साली मी स्वतः आळीपाळीने त्या दोन्ही पंगतींना बसलेलो आहे. ज्या कामाला मी तेव्हा पोरखेळ म्हणून उडवून लावले, त्याच जातीचे काम जगभरच्या हौशी मंडळींनी गेली तीस वर्षे जपून ठेवले आहे. ते ज्या काटेकोरपणे जपले गेले, तो पाहिल्यावर जन्मभर पाठचिकित्सा शिकवलेल्या माझ्यासारख्याची मान खाली जाते. हा लेख म्हणजे थोडी समीक्षा आहे आणि थोडी कबुली.

आधी खेळाविषयी. ‘डूम’ हा खेळ अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. बंदूक घेतलेला एकटा सैनिक, अंधारी दालने, अंगावर येणारे राक्षस. पहिले नऊ नकाशे फुकट होते, पुढचे हवे असल्यास पैसे भरायचे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे जे आहे, ते गोष्टीत नसून रचनेत आहे. खेळ चालवणारा प्रोग्राम वेगळा ठेवला होता आणि नकाशे, चित्रे, आवाज यांचे गाठोडे वेगळे बांधले होते. या गाठोड्याला ‘वॉड’ म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्या जॉन कारमॅक यांनी ही फारकत जाणूनबुजून केली. त्यांच्या आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन’ या खेळात लोक खटपट करून आपापले नकाशे घुसवीत असत; त्यांची वाट सोपी व्हावी, हा हेतू. मूळ गाठोड्याला हात लावायचा नाही, आपले छोटे गाठोडे त्यावर ठेवायचे. प्रोग्राम आधी तुमचे उघडतो, तुमच्यात जे नसेल ते मुळातून घेतो. अशा हौशी कामाला खेळाडू ‘मॉड’ म्हणतात.

आपल्याकडे संहितेचा विचार निघाला की एकनाथांचे नाव निघते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये असे बजावले. ते बजावणे आवश्यकच होते, कारण पोथीत एकदा मिसळलेली ओवी बाहेर काढणे फार कठीण. ‘डूम’च्या कर्त्यांनी उलटा मार्ग घेतला. भर घालणाऱ्याला त्यांनी वेगळे पान दिले आणि त्यामुळे मूळ संहिता जशीच्या तशी राहिली. प्रक्षेप आपल्या स्वतंत्र पोथीत नांदू लागला. शिवाय त्या पोथीवर लिहिणाऱ्याचे नाव असे. आमच्या शास्त्रात प्रक्षेपकर्ता हा नेहमी निनावी आरोपी असतो. इथे तो सही करून उभा राहिला.

१९९४ च्या सुरुवातीलाच न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबर यांच्या पुढाकाराने नकाशे काढण्याचे साधन तयार झाले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘ओरिगवॉड’ नावाचा नकाशा बाहेर आला. हौशी माणसाने केलेला पहिला नकाशा म्हणून त्याची नोंद होते. त्यात आहे काय? दोन खोल्या आणि मध्ये एक दार. त्यानंतर मात्र पूर आला. नवशिका पहिल्यांदा काय काढतो, हे पाहण्यासारखे आहे. नरक, अंतराळ, किल्ले हे सगळे मागाहून. पहिल्यांदा तो काढतो आपले घर, आपली शाळा, नाहीतर आपली कचेरी. असे ‘माझे घर’ नकाशे इतके झाले की जाणकारांत तो चेष्टेचा विषय बनला.

आमच्या घरातही तसा एक झाला.

माझा भाचा तेव्हा बेळगावात अभियांत्रिकी शिकायला आमच्याकडे राहत होता. कुणा मित्राकडून त्याला एक सीडी मिळाली होती. तीत असे शेकडो नकाशे भरलेले. दोन-तीन महिने तो रात्री जागला आणि शहापुरातले आमचे जुने घर, म्हणजे त्याचे आजोळ, त्याने त्या खेळात उभे केले. पडवी, सोपा, माजघर, देवघर, परसातली विहीर. देवघरात त्याने राक्षस ठेवला नव्हता, एवढे मला आठवते. फक्त माडी चुकली होती. ती घरावर नव्हती, परसात विहिरीच्या पलीकडे जमिनीवर टेकलेली होती. जिना चढायचा तो सोप्यातून, आणि क्षणात पोचायचे परसात. मी हसलो. ‘‘अरे, आजोबांची माडी खाली कुणी उतरवली?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, यात मजल्यावर मजला चढत नाही.’’

मी ते ऐकून सोडून दिले. आज कळते की ते अक्षरशः खरे होते. ‘डूम’चा नकाशा वरून पाहिलेल्या आराखड्यासारखा असतो. प्रत्येक जागेला एक जमीन आणि एक छत. त्याच जागी दुसरी जमीन येऊ शकत नाही. ज्याला दुमजली घर दाखवायचे, त्याला काहीतरी युक्ती करावीच लागे. वृत्तात शब्द बसेना म्हणून कवी शब्द फिरवतो, तेव्हा आम्ही त्याचे कौतुक करतो. इथे भाच्याने माडी फिरवली आणि मी तिला चूक म्हटले.

त्याने ती फ्लॉपी पुण्याच्या मित्राकडे पाठवायचे ठरवले होते. मित्राकडे इंटरनेटची जोडणी होती; तो नकाशा बाहेरच्या संग्रहात चढवणार होता. मी अडवले. ‘‘आपल्या घराचा नकाशा जगाला कशाला दाखवायचा?’’ हेच माझे शब्द. भाचा वडीलधाऱ्यांचे ऐकणारा. फ्लॉपी कपाटात गेली.

आता तो ‘बाहेरचा संग्रह’ म्हणजे काय, ते सांगतो. त्याचे नाव ‘इडगेम्स’. नव्वदच्या दशकात तो अमेरिकेतल्या वॉलनट क्रीक नावाच्या सीडी विकणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर ठेवलेला असे आणि त्याच्या हुबेहूब प्रती दुसरीकडच्या यंत्रांवर ठेवण्याची पद्धत होती. पुढे वॉलनट क्रीकचे ते यंत्र बंद पडले. संग्रह बुडाला नाही, कारण तो एका जागी नव्हताच. आजही तो चालू आहे आणि त्यात नवी भर पडते आहे. १९९४ चा दोन खोल्यांचा नकाशा आणि कालचा भव्य नकाशा तिथे शेजारी नांदतात.

या संग्रहाची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे टीप. प्रत्येक नकाशासोबत त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल जोडायची असा दंडक आहे. तिचा साचाही ठरलेला. कर्त्याचे नाव, नकाशाचे नाव, थोडक्यात वर्णन, आभार, किती वेळ लागला, कोणती साधने वापरली, कोणते दोष माहीत आहेत, आणि शेवटी परवानगी. या नकाशावरून दुसऱ्याने नवा नकाशा करावा की नाही, हे कर्ता स्वतः सांगतो. वाटायला बहुधा मोकळीक असते. अट एकच की ही टीप सोबत राहावी आणि तीत बदल करू नये.

आमच्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असते. लेखकू आपले नाव, शक, तिथी, गाव लिहितो. पाठ-कंबर मोडून, मान वाकवून लिहिले आहे, तरी ग्रंथ जपावा, अशी विनवणी करतो. टिपा वाचताना मला त्या पुष्पिका आठवल्या. ‘वेळ किती लागला’ या रकान्यात कुणी तास लिहिलेले, कुणी ‘फार’. ‘माहीत असलेले दोष’ हा रकाना तर आमच्या वाङ्मयात यावा असे मला मनापासून वाटते. कोणत्या कवितासंग्रहाच्या अखेरीस कवीने आपले दोष मोजून दिले आहेत?

पण टीप आणि गाठोडे जपले म्हणजे कृती जपली, असे होत नाही. ती वाचायची कशात? जुना प्रोग्राम जुन्या यंत्रासाठी होता. २३ डिसेंबर १९९७ रोजी कंपनीने त्याची मूळ संहिता लोकांसाठी खुली केली. आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो तेवढा वगळला. १९९९ मध्ये तीवरच्या अटी आणखी सैल करून ती कोणीही बदलावी, वाटावी अशा परवान्याखाली आणली. हौशी मंडळींनी त्या संहितेवरून नव्या यंत्रांवर चालणारे नवे प्रोग्राम केले आणि इथे दोन पंथ पडले. एक पंथ सुधारकांचा : मर्यादा काढल्या, प्रकाश वाढवला, मजल्यावर मजला चढवण्याची सोय केली. दुसरा पंथ मुळाबरहुकूम चालणाऱ्यांचा. ‘चॉकलेट डूम’ हा त्यांचा प्रोग्राम जुन्या प्रोग्रामसारखा वागतो; इतका की मूळचे दोषसुद्धा त्याने राखले आहेत.

दोष कशासाठी राखायचे? राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तेव्हा सोपी, रुळलेली पोथी हातात असताना ही ओबडधोबड कशाला, असे वाटणारे वाचक असणारच. उत्तर दोन्हीकडे एकच आहे. जुन्या प्रोग्रामला एका दृश्यात जमिनी आणि छतांचे ठरावीकच तुकडे झेपत, १२८. त्याहून जास्त झाले की खेळ बंद पडे. चांगला नकाशाकार त्या कुंपणाला खेटून दालन उभे करी. आजच्या मोकळ्या प्रोग्राममध्ये ते दालन पाहताना त्याने किती तोलून काढले, याचा पत्ताच लागत नाही. छंद काढून टाकल्यावर आर्येची कारागिरी दिसावी कशी?

याहून नाजूक उदाहरण खेळाच्या नोंदींचे. एखाद्याने नकाशा कसा पार केला, याची नोंद ‘डूम’ करून ठेवतो. ती चित्रफीत नव्हे. सेकंदाला ३५ वेळा खेळाडूने कोणती कळ दाबली, एवढेच तीत असते. नोंद पुन्हा चालवली की प्रोग्राम त्या कळांवरून सारा खेळ नव्याने घडवतो. राक्षसांचे वागणेही एका ठरलेल्या आकड्यांच्या कोष्टकातून निघत असल्यामुळे ते तसेच्या तसे घडते. पण प्रोग्राममध्ये एक बारीकसा दोष ‘सुधारला’, तर सगळे घसरते. कुठेतरी एक राक्षस एक पाऊल वेगळे टाकतो आणि तीस वर्षांपूर्वीचा तो निष्णात खेळाडू भिंतीवर डोके आपटत राहतो. शुद्ध केलेल्या पोथीने जुन्या वाचकाचा असा घात होतो, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. इतके डोळ्यांना दिसेल असे उदाहरण मला तेव्हा सापडले नव्हते.

वाटण्यालाही एक काळी बाजू आहे, ती लपवू नये. १९९५ मध्ये ‘डी झोन’ नावाची सीडी दुकानांत आली. हौशी लोकांचे शेकडो नकाशे गोळा करून ती विकली जात होती. अशा सीड्या पुढे पुष्कळ निघाल्या आणि अनेक कर्त्यांना कोणी विचारले नाही, की पैसा दिला नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस ‘टीम टीएनटी’ या हौशी गटाचा फुकट वाटायचा ठरलेला बत्तीस नकाशांचा संच ऐन वेळी मूळ कंपनीने विकत घेतला आणि १९९६ मध्ये तो दामाने विकला. वाट पाहणारे रागावले. मला यात एकच बाजू घेता येत नाही. भाच्याला मिळालेली सीडीही त्याच जातीची होती. बऱ्याच नकाशांच्या टिपा तीत नव्हत्या, म्हणजे कर्त्यांची नावे पुसलेली. पण ती चोरीची सीडी बेळगावपर्यंत आली नसती, तर आमचे घर कोणी काढलेच नसते. पोथी चोरणाऱ्यामुळेही कधी कधी पोथी वाचते. म्हणून चोराला साधू म्हणू नये, एवढेच.

सगळे जपायचे तर त्यात गाळ पुष्कळ राहणार. इडगेम्समध्ये तो आहे. २००३ मध्ये खेळाला दहा वर्षे झाली, तेव्हा जाणकारांनी उत्तम शंभर वॉड निवडले. मला ही विभागणी योग्य वाटते : संग्रहाने निवडू नये, समीक्षकाने निवडावे. संग्राहकच समीक्षक झाला की पुढच्या समीक्षकाला कामच उरत नाही. चांगल्याचे एक उदाहरण देतो. १९९४ मध्ये जस्टिन फिशर यांनी ‘एलियन्स’ या चित्रपटावरून पूर्ण खेळ बदलून टाकला. राक्षस, हत्यारे, आवाज सगळे नवे. त्याच्या पहिल्या नकाशात एकही शत्रू नाही. खेळाडू बंदूक रोखून रिकाम्या खोल्यांतून फिरतो, आता येईल, आता येईल म्हणतो, आणि काहीच येत नाही. भीती दाखवण्यासाठी भयाचे कारणच काढून घेणे, ही जाण एका हौशी माणसाला खेळ निघाल्यावर वर्षाच्या आत आली. चित्रपटाचा हक्क दुसऱ्याचा, म्हणून ही कृती दुकानात कधीच जाऊ शकत नव्हती. ती टिकली ती केवळ वाटली गेली म्हणून.

आणि मग मार्च २०२३ मध्ये ‘मायहाउस डॉट वॉड’ आला. सोबतची टीप सांगते : माझा बालमित्र वारला, त्याच्या जुन्या फ्लॉपीवर एका घराचा नकाशा सापडला, तो मी नव्या साधनाने नीट करून त्याच्या स्मरणार्थ देत आहे. उघडून पाहावे तर खरोखर एक साधे घर. चेष्टेचा विषय झालेली तीच जुनी जात. पण आत फिरता फिरता ध्यानात येते की या घरात वरचा मजला खालच्या मजल्याच्या अगदी वरच आहे. जाणकार खेळाडू तिथेच चपापतो, कारण ‘डूम’मध्ये हे होत नाही. मग घर हळूहळू पालटू लागते. खोल्या वाढतात, दारे भलतीकडे उघडतात, आणि आपण एका माणसाच्या दुःखाच्या आत शिरलो आहोत असे वाटू लागते. गाठोड्यासोबत दिलेली टाचणे आणि रोजनिशी वाचल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. टीप हे वस्तुस्थितीचे निवेदन की कथेचाच भाग, हा संशय कर्त्याने मुद्दाम शिल्लक ठेवला आहे.

या कृतीचे मोठेपण मला तिच्या चमत्कारांत दिसत नाही. टिपेवर विश्वास ठेवण्याची सवय वाचकांना आधीपासून होती, म्हणूनच तिला टिपेतून कथा सांगता आली. साधी, वाईट, हौशी घरे कोणीतरी राखली होती, म्हणूनच एका असामान्य घराला त्यांच्या रांगेत वेष पालटून उभे राहता आले. संग्रहाने गाळ फेकला असता, तर ही कृती जन्मालाच येती ना. दोषही सांगतो : तिचे खरे रूप फक्त एका आधुनिक प्रोग्राममध्ये चालते. उद्या तो प्रोग्राम बदलला तर तिची अवस्था त्या भिंतीवर डोके आपटणाऱ्या खेळाडूसारखी होईल. सोबत दिलेला साधा नकाशा मात्र बहुधा टिकेल.

ती टीप भाच्याने मला वाचून दाखवली. मित्र, फ्लॉपी, घर. वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

आमचे शहापुरातले घर २००४ मध्ये वाटण्या होऊन पाडले गेले. तिथे आज चार मजली इमारत आहे. घराचा आराखडा कुठल्याच कागदावर नव्हता. होता तो फक्त त्या फ्लॉपीवर. २०२१ मध्ये कपाट रिकामे करताना ती सापडली. बेळगावच्या पावसाळ्यांनी तिचे व्हायचे ते केले होते. जाणकाराने पुष्कळ प्रयत्न केले, एकही अक्षर निघाले नाही. अनोळखी परदेशी पोरांच्या खोल्या, त्यांच्या शाळा, त्यांचे जिने तीस वर्षांनंतर सुखरूप आहेत. कारण त्यांना ‘कशाला दाखवायचे’ असे म्हणणारा मामा नव्हता.

एक गोष्ट मात्र राहिली. पाठचिकित्सेच्या माझ्या जुन्या टाचणांत, डॉट मॅट्रिक्सवर छापलेला एक कागद घडी करून ठेवलेला मिळाला. ती भाच्याची टीप होती. पोथी गेली आणि पुष्पिका उरली. कर्ता म्हणून त्याचे नाव, वेळ ‘अडीच महिने’, आभार ‘आजी’. माहीत असलेले दोष या रकान्यात : ‘माडी परसात आहे.’ परवानगीच्या जागी साच्यातले वाक्य तसेच ठेवलेले : वाटावे, टिपेसह, टीप न बदलता.

वाचकहो, आपल्या सीमाभागात शाळाशाळांतून, मंडळांतून हस्तलिखित अंक निघत आले आहेत. एकच प्रत, तीही कपाटात, किल्ली एकाकडे. जपतो आहोत, असे आपण म्हणतो. मलाही वाटत होते की मी घराची अब्रू जपतो आहे. ज्याच्याकडे असे काही असेल, वही असो, ध्वनिफीत असो, पोराने केलेला खेळ असो, त्याने त्याच्या चार प्रती कराव्यात, कोणी केले, केव्हा केले, काय चुकले हे सोबत लिहावे, आणि त्या चार वेगळ्या गावी द्याव्यात. चांगले-वाईट मागाहून ठरेल.

भाचा आता बंगळूरला असतो. गेल्या दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, आठवेल तसे घर पुन्हा काढतो. मी त्याला सांगितले की ही जुनी प्रत म्हणता येणार नाही. स्मरणातून केलेली पुनर्रचना आहे, तसे स्वच्छ लिही. तो हो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘मामा, आता मजल्यावर मजला चढतो. माडी वर घालू का?’’

मी म्हटले, ‘‘नको. परसातच असू दे. आणि झाले की लगेच पाठव.’’